पाचव्या सवाष्णीचं पान

आधीच सांगते, हे मी कुठे वाचलेलं नाही आणि कुणाकडून उडत उडत ऐकलेलंही नाही. जिच्यावर बेतलं ती रसिका माझी सख्खी मावसबहीण. आणि जिथे घडलं, त्या घरचं मीठ मी दहा वर्षं खाल्लंय. तेव्हा 'ही बाई रचून सांगतेय' असं ज्याला वाटेल त्याने इथूनच मागे फिरावं. माझं काही म्हणणं नाही.

बडोद्यात, मांजलपूरला, गेल्या वर्षीच्या गौरी. रविवारी गौरी आल्या, सोमवारी जेवल्या.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. लख्ख ऊन पडलं होतं.

दुपारचा सव्वा वाजला होता…

रसिकाचं लग्न त्याच्या आधीच्या डिसेंबरात झालं. नवरा ध्रुव, बिजवर. नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात शिफ्टची नोकरी. मुलगा शांत, पगार चांगला, स्वतःचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, पुढे अंगण आणि मागे चौक. सासरे शरच्चंद्र, सरकारी नोकरीतून निवृत्त, दिवसभर पेपर वाचत बसणारे. सासू निरुपमाकाकू.

निरुपमाकाकूंचं सोवळंओवळं आमच्या सगळ्या मराठी मंडळींत प्रसिद्ध होतं. गौरीच्या तीन दिवसांत त्यांच्या घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी त्या वळून बघायच्या.

ध्रुवची पहिली बायको अवंती. त्या गौरींच्या सहा वर्षं आधी बाळंतपणात गेली, मूलही गेलं.

"दवाखान्यात नेताना वाटेतच संपलं हो सगळं," काकू डोळ्यांना पदर लावून सांगायच्या.

ऐकणाऱ्या माना हलवायच्या. मीही हलवली होती.

स्थळ मीच सुचवलं होतं रसिकाला. ते एक असो.

घरात अवंतीचा एक फोटोही नव्हता. एक बंद खोली मात्र होती. स्वयंपाकघराच्या पलीकडे, बोळासारख्या जागेत, चौकाला लागून. बाहेरून कडी आणि कडीला कुलूप. किल्ली निरुपमाकाकूंच्या कमरेला.

"वाळवी लागलीय तिथे," असं रसिकाला सांगितलं होतं. तिने नऊ महिने ते खरं मानलं.

गौरी आल्या तेव्हा रसिकाला आठवा सरत आला होता. पाय सुजलेले, वाकायला त्रास. पण पहिलं वर्ष, गौर सुनेनेच आत आणायची, यात काकू ऐकायला तयार नव्हत्या. रविवारी दुपारी रसिकाने दारापासून रांगोळीची पावलं काढायला घेतली. मूठ टेकवायची, वर पाच बोटं काढायची, मध्ये कुंकवाचं बोट. आमच्या माहेरी पावलं घरातल्या प्रत्येक खोलीत जातात. लक्ष्मीने सगळं घर बघावं म्हणून.

तिने दिवाणखान्यातून काढली, देवघरातून काढली, स्वयंपाकघरातून काढली. आणि हाताच्या ओघात त्या बंद दारापर्यंत नेली.

"अगं! हे काय केलंस?"

निरुपमाकाकू ओलं फडकं घेऊन धावत आल्या. गुडघ्यावर बसून, घासून घासून त्यांनी पावलं पुसली.

"तिथे नाही न्यायची गौर. कितीदा सांगू?"

एकदाही सांगितलं नव्हतं.

पाच वाजता मुहूर्त होता. रसिकाने ताम्हनात मुखवटा घेतला, मागे काकू घंटा वाजवत. प्रत्येक दाराशी त्या विचारायच्या, "कोण आलं गं?" आणि रसिका म्हणायची, "गौराई आली." मग पाऊल आत टाकायचं. असं दिवाणखाना झाला, देवघर झालं, स्वयंपाकघर झालं. परत वळताना रसिकाची पाठ त्या बोळाकडे होती.

"कोण आलं गं?"

रसिका सवयीने बोलून गेली, "गौराई आली."

आणि मग तिच्या लक्षात आलं…

काकू तिच्या पुढे होत्या. आवाज मागून आला होता.

"कुणाशी बोललीस?" काकूंनी विचारलं. घंटा त्यांच्या हातात तशीच राहिली.

"तुम्हीच विचारलंत ना, आई?"

रसिकाने मागे वळून खाली पाहिलं. बोळातल्या पुसलेल्या फरशीवर पावलं होती. पांढरीशुभ्र, नुकती काढावीत तशी. फक्त त्यांची बोटं दाराकडे नव्हती.

घराकडे होती.

तिने डोळे मिटून उघडले तर फरशी कोरडी, काही नाही. 'उन्हाने आणि उपासाने होतं असं,' तिने मनाची समजूत घातली.

संध्याकाळी दुसराच घोळ झाला. पूजनाच्या दिवशी त्या घरी पाच सवाष्णी जेवतात. पाच म्हणजे पाच. चार ठरल्या होत्या: अहल्याकाकू, त्यांची सून देवश्री, मोहनाकाकू आणि मी. पाचवी निजामपुऱ्याची, काकूंची चुलत जाऊ. तिचा फोन आला की पाय मुरगळलाय, येत नाही.

निरुपमाकाकूंनी दहा घरी फोन फिरवले. पण गौरीच्या दिवशी मराठी बाई मोकळी मिळतेय कुठे? प्रत्येकीच्या घरी तोच स्वयंपाक.

"चार पानांवर गौर जेवली नाही कधी या घरात," काकू म्हणाल्या. रडवेल्या झाल्या होत्या अगदी. त्यांना गौरीपुढे दुसरं काही दिसतच नसे.

रसिका मागच्या चौकात वाळत घातलेलं सोवळं काढायला गेली. सहा वाजले असतील. उजेड होता चांगला. शेजारच्या ज्योत्स्नाबेनच्या घरातून फोडणीचा वास येत होता.

बंद खोलीच्या खिडकीखाली, पायरीवर, एक बाई बसली होती.

हिरवी साडी. हातात हिरवा चुडा. गळ्यात मंगळसूत्र. पोट रसिकाच्याएवढंच पुढे आलेलं, त्यावर एक हात.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"कुणी नाही. बसलेय जरा. दम लागला."

अस्सल मराठी बोलली. रसिकाला काय आनंद झाला! वाटलं, मागच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलंय, चौकाचं फाटक उघडं दिसलं म्हणून टेकलीय.

"तुमच्याकडे गौरी असतात?"

"आता नाही."

"मग उद्या आमच्याकडे जेवायला या ना सवाष्ण म्हणून. बारा साडेबारापर्यंत. याल?"

बाईने मान वर केली. चेहरा घामाने निथळत होता.

"तू बोलावलंस तर येईन. मागच्या वेळी मी खूप वाट पाहिली. पान कुणी आणलंच नाही."

रसिकाला ते विचित्र वाटलं. पण पाचवी मिळतेय या घाईत तिने आतून करंडा आणला आणि कुंकू लावलं. कपाळ इतकं गार होतं, की तिचं बोट दचकून मागे आलं. कुंकू ओल्या कपाळावर पसरलं, खाली भुवईपर्यंत ओघळलं.

"या हं नक्की."

"येईन. पण जेवल्याशिवाय उठणार नाही मी."

सोवळं घडी करून रसिकाने वळून पाहिलं तर पायरी रिकामी होती. फाटकाला आतून कडी होती…

काकूंना तिने सांगितलं, "आई, पाचवी मिळाली. मागच्या गल्लीतली कुणीतरी आहे. तिलाही दिवस गेलेत."

"सवाष्ण आहे ना? मराठी आहे ना? मग झालं तर!" काकूंनी गौरीला हात जोडले. नाव विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी ध्रुव पहाटेच पहिल्या शिफ्टला गेला. प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर ठेवावा लागतो. चार वाजेपर्यंत त्याला पोचायचा काही मार्ग नव्हता.

रसिकाच्या पोटात सकाळपासून बारीक दुखत होतं. तिने दोनदा सांगितलं.

"सोळा भाज्या चिरायच्यात, कुणाचं पोट दुखत नाही?" काकू म्हणाल्या.

साडेबाराला आम्ही आलो. दिवाणखान्यात दोन्ही गौरी उभ्या, पैठण्या नेसलेल्या, पुढे त्यांची बाळं. खाली पाच पाट, पाच पानं, भोवती रांगोळी. चार पाटांवर आम्ही चौघी बसलो. पाचवा पाट आतल्या दाराजवळ, रिकामा.

"वाढून ठेव," काकू म्हणाल्या. "येईल ती. पण एक सांगून ठेवते हं, पाचही पानं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. पंगत मोडली की वर्षभराचं पुण्य गेलं."

आम्ही हसलो. हे त्या दरवर्षी सांगायच्या.

रसिका पुरणपोळीवर तूप वाढत पाचव्या पानाशी आली. आणि थबकली.

बाई पाटावर बसली होती. हिरवी साडी, भुवईपर्यंत ओघळलेलं कुंकू. कधी आली, कुठून आली, काही कळलं नाही.

"आलात? बरं झालं," रसिका म्हणाली. वाकून तिने तूप वाढलं.

"रसिका, कुणाला वाढतेस?" देवश्रीने विचारलं. "पाट रिकामा आहे गं."

रसिकाने आमच्याकडे पाहिलं. मग पाटाकडे. बाई तिथेच होती. घासाला हात न लावता रसिकाच्या पोटाकडे बघत होती.

आणि तेवढ्यात कळ आली.

साधी नव्हती. रसिकाच्या हातातली तुपाची वाटी पडली. ती भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी खाली बसली. आम्हाला उठू नका म्हणत काकू तिच्यामागे गेल्या. फरशी ओली झाली.

"आई… पाणी गेलं. मला दवाखान्यात न्या."

निरुपमाकाकूंनी आधी दिवाणखान्याकडे पाहिलं. आम्ही दिसतोय का ते. मग दार लोटून घेतलं.

"हळू बोल. बाहेर सवाष्णी जेवतायत."

"आई, बाळ…"

"पहिलटकरीण आहेस, बारा बारा तास लागतात. आत्ता इथे काही झालं तर सोयर पडेल. गौरी अर्ध्या पानावरून उठवाव्या लागतील. कळतंय का तुला?"

त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं. बोळात नेलं. कमरेची किल्ली काढली. कुलूप काढताना त्यांचा हात थांबला… एक क्षणच. मग त्यांनी दार उघडलं आणि तिला आत बसवलं.

"दम धर. पंगत उठू दे. मग नेते."

दार बंद झालं. कडी पडली.

तिथे वाळवी नव्हती. एक गादी होती, उघडीच. मधोमध तपकिरी डाग, वाळून कडक झालेला. फरशीवर हिरव्या काचांचे तुकडे. आणि दाराच्या आतल्या बाजूला, खाली, बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर… ओरखडे. लाकडात खोल गेलेले, एकमेकांवर एक.

रसिकाला सगळं एकदम समजलं. वाटेत नव्हती गेली अवंती. इथे गेली होती.

तिने दार ठोकलं. दोन्ही हातांनी ठोकलं.

"आई! बाबा! दार उघडा! कांचनताई!"

कांचनताई म्हणजे मी.

बाहेर शरच्चंद्रकाका उठले. रसिकाला वाटलं, उघडतायत. त्यांची पावलं वाजली, थांबली. मग दिवाणखान्यातल्या स्पीकरवर आरती सुरू झाली. आधी साध्या आवाजात. रसिकाने परत ठोकलं तसा आवाज वाढला. अजून ठोकलं, अजून वाढला. काकांना ते काम पाठ होतं.

"नको ठोकूस. हात दुखतील."

आवाज गादीवरून आला.

ती बसली होती. पाय पोटाशी घेऊन, दोन्ही हात पोटावर. बोटांना नखं नव्हती.

"किती वाजले?" तिने विचारलं.

रसिकाच्या मनगटावर घड्याळ होतं. "सव्वा," ती कशीबशी म्हणाली.

"माझं दीडला हलायचं थांबलं. मी हात लावून बसले होते ना, मला कळलं. त्या अडीचला आल्या. आधी म्हणाल्या, ओरडू नकोस. मग बघितलं, मी ओरडत नव्हतेच."

पुन्हा कळ आली. रसिका दाराला टेकून घसरत खाली बसली. बाहेर आरती चालली होती, टाळ्यांसकट. त्या दीड वाजायच्या आत आपण बाहेर पडलो नाही तर आपलं बाळही हलायचं थांबणार, एवढंच तिला दिसत होतं.

अवंती पुढे सरकली. गार हात रसिकाच्या पोटावर ठेवला.

"हलतंय अजून," ती म्हणाली. तोंडाला पाणी सुटावं तसं म्हणाली. "राहू दे इथेच. मला सोबत होईल. मी एकटी असते गं."

"अवंतीताई," रसिका रडत म्हणाली, "मी काय केलंय तुमचं?"

"तू काही नाही केलंस. मी तरी काय केलं होतं?"

हात तसाच होता. त्या हाताखाली बाळ एकदा जोरात फिरलं आणि गप्प झालं.

घाबरून रसिका वेडीच झाली असती. पण आई होणाऱ्या बाईला काय काय सुचतं! तिने तो गार हात धरला.

"ताई, मी तुम्हाला कुंकू लावून बोलावलंय. तुमचं पान बाहेर वाढलंय. पुरणावर तूप मी माझ्या हाताने घातलंय. तुम्ही म्हणालात, जेवल्याशिवाय उठणार नाही. मग इथे का बसलात? जा, जेवा. माझ्यासारखं तुम्हाला परत कुणी बोलावणार नाही."

अवंतीने दाराकडे पाहिलं.

"खरंच वाढलंयस?"

"पाचवं पान. आतल्या दाराजवळ."

आरतीचा आवाज चालू होता. त्यातून, दाराच्या पलीकडे, एक बारीक आवाज आला…

कडी सरकल्याचा.

रसिका रांगत बाहेर आली. बोळात कुणी नव्हतं. भिंतीला धरून उभी राहिली. स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दाराच्या फटीतून तिला पाचवं पान दिसलं. हिरवी साडी नेसलेली बाई खाली मान घालून, दोन्ही हातांनी जेवत होती. भराभर. सहा वर्षांची भूक.

तेवढ्यात ओट्यापाशी काकूंची पावलं वाजली. रसिका चौकाच्या दाराआड झाली.

निरुपमाकाकू बोळात आल्या. पाहतात तर दार सताड उघडं.

"रसिका? कुठे गेलीस, भवाने?"

त्या आत शिरल्या. गादीच्या मागे बघायला वाकल्या.

आणि दार बंद झालं. कडी पडली.

मग आतून ठोकणं सुरू झालं.

"अहो! अहो, दार उघडा! मी आहे आत!"

काकांना वाटलं, सूनच ठोकतेय. त्यांनी आवाज अजून वाढवला.

रसिका त्या दारासमोर उभी होती. हात लांब केला असता तर कडी निघाली असती. एवढंच अंतर होतं.

"रसिका, बाळा, काढ गं कडी! कुणीतरी आहे इथे! माझ्या पोटावर हात ठेवलाय गं कुणीतरी!"

रसिका म्हणाली, "दम धरा, आई. पंगत उठू दे."

आणि ती चौकाच्या फाटकातून बाहेर पडली.

ज्योत्स्नाबेन अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. "शुं थयुं, बेटा?" काय झालं एवढंच विचारलं आणि तांब्या टाकून त्यांनी गाडीची किल्ली आणली. दोन वाजून दहा मिनिटांनी रसिकाला मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

इकडे आमची पंगत दोनला उठली. विडे झाले; आतून कुणी येईना, तेव्हा ओट्या आम्हीच एकमेकींच्या भरल्या. पाचव्या पानाकडे माझं लक्ष गेलं. चाटूनपुसून लख्ख. भोवतीची रांगोळी जशीच्या तशी, एक रेघ मोडलेली नाही. मोहनाकाकू म्हणाल्या, "मांजर येऊन गेलं वाटतं." आम्ही सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं.

मग काकांनी स्पीकर बंद केला आणि बोळात जाऊन कडी काढली.

निरुपमाकाकू गादीवर बसल्या होत्या. पाय पोटाशी, दोन्ही हात पोटावर. नखं उखडलेली.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर त्या दुसरं काही बोललेल्या नाहीत. आजतागायत. रोज दुपारी सव्वाला त्यांना कळा येतात. पंधरा मिनिटं गुरासारख्या ओरडतात, दीडला गप्प होतात. सगळ्या तपासण्या झाल्या, पोटात काही नाही. मागच्या खोलीतच ठेवलंय त्यांना. बाहेरून कडी असते. ध्रुव त्या वेळी शिफ्टला असतो. काका स्पीकर लावतात. रसिका दिवाणखान्यात मुलीला भरवत बसते.

एकदा मी तिला विचारलं, "रसिका, खरं सांग, काकूंच्या वेळी कडी कुणी लावली?"

ती लेकीचं तोंड पुसत म्हणाली, "कांचनताई, पाचवी तर जेवत होती. तिने नाही लावली."

पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

हे सगळं आज का सांगतेय?

कारण परवा रसिकाचा फोन आला. गौरी जवळ आल्यात. "पूजनाला ये हं, ताई. तू पाचवी."

"चार कोण?" मी विचारलं.

ते सोडून ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी ठोकत होते ते तुला ऐकू आलं होतं ना?"

काय सांगू? आलं होतं. माझं नावसुद्धा ऐकू आलं होतं, आरतीच्या मधल्या एका श्वासात. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मागे सुताराचं काम चाललंय." मी अजून एक पोळी घेतली. पंगत मोडायची नाही ना.

"नाही गं," मी म्हणाले. "काहीच नाही ऐकू आलं."

"आणि सात वर्षांपूर्वी? तेव्हाही तू होतीस ना पंगतीत? तेव्हाही सुताराचंच काम चाललं होतं ना?"

हे मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नाही. मनाशीसुद्धा कबूल केलेलं नव्हतं. सगळं माहीत असून मी तिचं स्थळ त्या घरात सुचवलं. का, तर निरुपमाकाकूंना नाही म्हणायची सोय नव्हती म्हणून.

"तुला… तुला कुणी सांगितलं?"

"अवंतीताईने. तुझा आवाज ओळखला तिने. तूप वाढा, म्हणालीस म्हणे." मग अगदी प्रेमाने म्हणाली, "तुझं पान मी मागच्या खोलीत वाढणार आहे."

मी सांगितलं, मला जमणार नाही. तब्येत बरी नाही. बाहेरगावी जायचंय. जे सुचेल ते सांगितलं.

रसिका हसली. "अगं, सवाष्णीला फोनवर थोडंच बोलावतात? कुंकू लावायला येईल कुणीतरी."

काल दिवसभर मी दार उघडलं नाही. बेल दोनदा वाजली, तरी नाही. यांनाही सांगून ठेवलं, कुणालाही आत घेऊ नका.

आज दुपारी जेवण करून जरा आडवी झाले. डोळा लागला. जाग आली ती गारव्याने. घड्याळात सव्वा वाजला होता. उठून आरशात पाहिलं…

मी टिकली लावते. वर्षानुवर्षं टिकलीच लावते. घरात कुंकवाचा करंडा फक्त देवाजवळ असतो.

कपाळावर कुंकू होतं. ओलं. भुवईपर्यंत ओघळलेलं.

चार वेळा साबणाने धुतलंय. हे लिहितानाही ते ओघळून डोळ्यात येतंय, आणि उद्या गौरी जेवतात.